गाडी आधी काय नोकरी करत होती?

सेकंडहँड कॅम्परव्हॅन म्हणून जी वस्तू असते ती बेळगावात मिळत नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचा सगळा घोळ कळेल. ऑटो नगरात जा, खानापूर रोडच्या जुन्या गाड्यांच्या शेडमध्ये जा, निपाणीच्या एजंटाला फोन लावा, उत्तर एकच, तसली नाही ओ, पण एक ओमनी आहे बघा, चांगली आहे. तयार गाड्या पुण्या-बेंगळुराकडं बनतात आणि त्यांच्या किमती ऐकल्या की माणूस गाडी सोडून प्लॉटचा विचार करायला लागतो. २०२१ ला महाराष्ट्रानं आणि केरळानं कॅराव्हॅन टुरिझमची पॉलिसी आणली, म्हणजे भाड्यानं घेऊन हिंडायची सोय झाली, पण ते रिसॉर्टवाल्यांचं काम. मला माझी गाडी पाहिजे होती, दारात उभी राहणारी, मनात आलं की दोन गोधड्या टाकून निघता येईल अशी. बजेट तीन लाख. त्यातच गाडी, त्यातच कागद, टायर, फळी, पंखा, सगळं. पिग्मी फुटली होती आणि एक भिशी उचलली होती, तेवढ्यात बसवायचं.

कशाला पाहिजे, हे घरात सगळ्यांनी विचारून झालं. आमच्याकडं सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगराला जायची रीत जुनी आहे, माघी पुनवेला गल्लीतनं ट्रॅक्टर निघायचे, ट्रॉलीला कमानी, कमानीवर ताडपत्री, आत पत्र्याची ट्रंक, चुलीचं सामान, भाकरीची टोपली, मधोमध पोरं कोंबलेली. जोगुळभावीला आंघोळ, डोंगरावर मुक्काम, तिथंच स्वयंपाक, देवीच्या नैवेद्याच्या पडल्या भरायच्या, आणि परत आल्यावर गावाबाहेर शिवारात मार्गमळणीचं जेवण. त्यामुळं गाडीत राहणं, गाडीशेजारी शिजवणं ह्यात आम्हाला कुणाला काही नवीन वाटत नाही. फक्त आता सासूबाईंचे गुडघे गेलेत. ट्रॉलीत चढता येत नाही, लॉजचा जिना चढता येत नाही, आणि खरं कारण सांगायचं तर भारतीय बैठकीच्या संडासात त्यांना बसता येत नाही. प्रवासात बाईमाणूस पाणी किती प्यायचं हे रस्त्यातल्या संडासाकडं बघून ठरवतं, हे पुरुषांना सांगून पटत नाही. मला कॅम्परव्हॅन पाहिजे होती ती सूर्यास्त बघायला कमी आणि एक स्वच्छ कमोड स्वतःबरोबर न्यायला जास्त. हे असं कुठल्या व्हिडिओत दिसत नाही.

मग बघायला सुरुवात केली. आणि बघता बघता एक गोष्ट डोक्यात बसली ती ही की, जुनी व्हॅन घेताना तिचं वय आणि किलोमीटर हे दोन आकडे सगळे विचारतात, पण खरा प्रश्न तिसराच, ही गाडी आधी काय नोकरी करत होती? कार ही घरची असते, रविवारी धुतली जाते, तिच्या किलोमीटरला काही अर्थ असतो. व्हॅन कुणी हौसेनं घेत नाही. ती कामाला लावायला घेतलेली असते, आणि दहा वर्षं एकच काम केल्यावर माणसाच्या अंगात ते काम जसं दिसतं तसं तिच्याही दिसतं. मीटर मागं फिरवता येतो. नोकरी लपवता येत नाही.

शाळेची ओमनी घ्या. ही सगळ्यात स्वस्त मिळते, कारण ओमनी २०१९ ला बंद झाली आणि शाळेची गाडी विकायला निघते तेव्हा ती शाळेलासुद्धा नको झालेली असते. किलोमीटर कमी असतात हे खरं. पण ते कसले किलोमीटर, तर सकाळी थंड इंजिन चालू करायचं, गल्लीत पन्नास पावलांवर थांबायचं, दार सरकवायचं, बंद करायचं, पुन्हा निघायचं. इंजिन धड तापतच नाही, क्लच संपतो, आणि सरकत्या दाराची रोलर तर बघूच नका. वडगावातली एक बघितली, तिचं दार उघडताना मालक एका हातानं वर उचलून, कमरेनं ढकलून उघडत होता आणि वर म्हणतोय, स्मूथ आहे मॅडम. त्यात बऱ्याच ओमन्यांना गॅस किट असतं, ते आरसीवर चढवलंय का, टाकीची टेस्ट कधी झाली, हे विचारलं की पुढचं बोलणंच थांबतं.

भाजीची गाडी ही आमच्या भागाची खासियत. बेळगावातनं गोव्याला रोज भाजी जाते, पहाटे चोर्ला घाटातनं, छोट्या-मोठ्या गाड्यांची रांग लागलेली असते. अशी एक मारुतीची ईको व्हॅन विकायला होती, बाहेरनं चकाचक, नवीन कलर. मी मागचं रबर मॅट उचललं. खाली पत्रा नव्हताच म्हणा, गंजाचे पापुद्रे होते, नखानं उकरले की निघत होते. कोथिंबीर, पालक, मेथी पाणी मारून भरतात, ते पाणी रोज खाली गळतं, मॅटखाली साठतं, वर घाटातल्या पावसाची ओल. मासळीची गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणी, म्हणजे आणखी वाईट, आणि वास तर पुढच्या पिढीपर्यंत. गोवा पासिंगच्या टुरिस्ट ट्रॅव्हलर दिसायला देखण्या असतात, पडदे, लायटिंग, सगळं, पण किनाऱ्याची खारी हवा चॅसीला खालनं खाते. म्हणून सोबत एक साधं मॅग्नेट ठेवायची. पत्र्यावर फिरवायचं, जिथं चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे असं समजायचं. मॅग्नेट काढलं की एजंट लोक तुमच्याशी जरा नीट बोलायला लागतात, हा आणखी एक फायदा.

नीट बोलण्यावरनं आठवलं. मी भाऊजींना बरोबर न्यायची, कारण ते उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत, लोखंडाचं त्यांना कळतं. गाडी घेणार मी, चालवणार मी, पैसे माझे, आणि एजंट सगळं सांगणार भाऊजींना. मी विचारायचं, क्लच प्लेट कधी बदलली? उत्तर भाऊजींकडं बघून. शेवटी भाऊजी म्हणायला लागले, मला का सांगूलास, तिला सांग की, पैशाची पिशवी तिच्याकडं आहे.

अँब्युलन्स पण बघितली एक. जुनी विंगर, आत उंची चांगली, मागचं दार मोठं, फ्लोअर खाली. विंगर पुढच्या चाकांवर चालते, प्रॉपेलर शाफ्ट नसतो, त्यामुळं चढायला पायरी कमी लागते, गुडघेवाल्या माणसाला ह्याच्यासारखी गाडी नाही. आतमध्ये सलाइनचा हुक तसाच होता. मला मोह झाला. पण अँब्युलन्सची नोकरी म्हणजे एक तर दवाखान्याच्या दारात तासन् तास इंजिन चालू ठेवून उभं राहायचं, त्याचा मीटरवर एक किलोमीटरही पडत नाही, नाही तर थंड इंजिनवर एकदम जोरात पळायचं. आणि आरसीवर क्लास अँब्युलन्सचा. सासूबाईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या, त्यात मी एकदाच झोपणार, आणि तेव्हा मला विचारायची गरज पडणार नाही. विषय संपला.

वडापची, म्हणजे शेअर भाड्याची, क्रूझर आम्ही बघितलीच नाही. चंदगड लाइनला जी गाडी दहा वर्षं चालली तिच्याबद्दल काय बोलायचं.

पुराची गाडी ही वेगळी जात. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, कोल्हापूर, सांगली, चिकोडी, गोकाक, सगळीकडं पाणी, यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर आलेली आम्ही सगळ्यांनी पाहिलीय. त्या पाण्यात हजारो गाड्या उभ्या होत्या, आणि त्यातल्या धुऊन पुसून कुठंतरी विकल्या गेल्याच की. ओळखायची खूण एका मिस्त्रीनं दाखवली ती सांगते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. रोज आपण जेवढा ओढतो तेवढा भाग लोक धुतात, पण आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कुणी बाहेर काढत नाही. एका एमएच पासिंग ईकोचा मी असा ओढला, तर वरचा पट्टा काळा आणि शेवटचा तांबूस, मधे सरळ रेघ, रेघेत वाळू. मालक म्हणाला, धूळ आहे. असेल. आम्ही चहा पिऊन परत आलो.

आता मापाचं. ओमनी साडेतीन मीटरपेक्षा कमी लांब, ईको ३,६७५ मिलिमीटर लांब आणि १,४७५ रुंद. रुंदी बाहेरची धरली तरी पाच फूट भरत नाही, म्हणजे ह्या गाड्यांत आडवं झोपायचा विषयच नाही, लांबीतच झोपायचं. ट्रॅव्हलरमध्ये उभं राहता येतं, पण तीन लाखात जी ट्रॅव्हलर येते तिच्यावर आणखी तीन लाख घालायची तयारी ठेवावी, आणि आमच्या गल्लीत ती वळतही नाही. मी टेप घेऊन ईकोत शिरले. पुढच्या सीट पुढं सरकवल्या आणि मागची सीट काढली की माझ्या पाच फूट दोन इंचाला पाय सरळ करता येतात. सासूबाई माझ्यापेक्षा बुटक्या. आमचे हे पाच दहा, ते बसत नाहीत. त्यांनाही यायचं नव्हतंच, त्यामुळं ह्यावरनं वाद झाला नाही.

त्यानंतर पाटीचा रंग. पिवळी पाटी स्वस्त दिसते म्हणून माणूस फसतो. टॅक्सीची गाडी घरगुती करायची म्हणजे परमिट सरेंडर, टॅक्सचा फरक, पासिंग, फेऱ्या. पांढऱ्या पाटीचीच घ्यायची हे मी ठरवून टाकलं. राज्य कुठलं हा तर आमच्या सीमेवरचा रोजचा खेळ, एकाच गल्लीत केए-२२, एमएच-०९ आणि जीए शेजारी शेजारी उभ्या असतात, पाहुणे तिकडं, नोकरी इकडं, शेत मधे. कोल्हापूरची गाडी थोडी स्वस्त पडते, पण दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, त्याला तिकडची एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि इथला लाइफ टॅक्स पुन्हा भरायचा. कर्नाटकाचा लाइफ टॅक्स जड आहे. तिकडं भरलेल्याचा परतावा मागता येतो म्हणतात, पण त्यासाठी माणूस वेगळा ठेवावा लागेल. हिशेब केला तर स्वस्त गाडी महाग निघाली. बेळगावची केए-२२ किंवा चिकोडीची केए-२३, ह्याच्या बाहेर जायचं नाही असं ठरलं.

आणि आत काय करायचं ह्यालाही कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी मनानं बदलायची नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं केरळातल्या एका केसमध्ये ते आणखी घट्ट केलं. छत कापून वाढव, खिडकी पाड, वेल्डिंग करून बेड बसव, हे जे आपण व्हिडिओत बघतो ते करून गाडी पासिंगला उभी राहत नाही, आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला फोटो त्याचाच काढतो. म्हणून माझा नियम, गाडीला एकही भोक पाडायचं नाही. जे काय असेल ते आत ठेवायचं आणि बाहेर काढायचं.

शेवटी जी गाडी मिळाली ती खानापूर तालुक्यातल्या एका गावात. जांबोटीकडं जाताना आत वळायला लागतं. पाच सीटची ईको, पेट्रोल, २०१४ ची, पांढरी पाटी, केए-२२. हिची नोकरी काय, तर भजनी मंडळ. मंडळातले पेटीवाले होते त्यांच्या नावावर गाडी, सप्ताह असला, काकडा असला, कुणाकडं एकादशीचं भजन असलं की पाच माणसं आत, मागं पेटी, मृदंग, टाळांची पिशवी, बाकीचे मोटरसायकलवर. संध्याकाळी निघायचं, दोन-चार गावं पलीकडं जायचं, रात्री उशिरा परत, कुठं घाई नाही, गाडीत पखवाज असल्यामुळं खड्ड्यात गाडी कुणी आपटू दिली नाही. मी अशी नोकरी केलेली व्हॅन आधी बघितली नव्हती.

ईकोचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली असतं, सीट उचलली की दिसतं. आम्ही पोचल्याबरोबर मी पहिलं ते केलं, सीट उचलून हात लावून बघितलं, थंड होतं. म्हणजे आम्ही येणार म्हणून आधी गरम करून ठेवलेलं नव्हतं. सीटच्या रेलला, खाचेत, काळी भुकटी बसलेली. मी म्हटलं ग्रीस असेल, बोटानं घेऊन वास घेतला तर बुक्का. वर्षानुवर्षं कपाळाला लावून बसलेल्या माणसांचा सांडलेला बुक्का, आणि त्यात अडकलेली टाळाची एक तुटकी दोरी. स्टार्ट केली, पहिल्या चावीला लागली. ऑइलचं झाकण चालू गाडीवर काढून बघितलं, धूर फेकत नव्हती, सायलेन्सरमधनं निळा धूर नाही. मॅट उचललं, पत्रा जाग्यावर, फक्त मागच्या कोपऱ्यात थोडा गंज. सीटबेल्ट ओढले, शेवटपर्यंत एकच रंग. मागच्या स्प्रिंगा बसलेल्या होत्या, पाच माणसं आणि सामान म्हटल्यावर ते येणारच. टायरवरचे चार आकडे बघितले, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, तर टायर गाडीइतकेच म्हातारे व्हायला आले होते, नक्षी होती पण कडेला चिरा. एअरबॅगचं नाव नको, त्या वर्षीच्या गाडीत नाहीच. घाटात ही गाडी पन्नासच्या वर न्यायची नाही, हे मी तिथंच स्वतःशी ठरवलं.

शेजारचे एक कन्नड आजोबा कट्ट्यावरनं सगळं बघत होते, ते म्हणाले, गाडी छलो ऐती री, तगोळ्ळ्री, म्हणजे गाडी चांगली आहे, घ्या. त्यांचा त्यात काही फायदा नव्हता, त्यामुळं मला ते सगळ्यात भरवशाचं सर्टिफिकेट वाटलं.

किंमत फार ताणावी लागली नाही. टायर आणि स्प्रिंगांचे पैसे मी कमी करून मागितले, पेटीवाल्यांच्या घरच्यांनी टायरचे दिले, स्प्रिंगांचे दिले नाहीत, म्हणाले स्प्रिंगा माउलीच्या सेवेत बसल्यात. ह्याच्यावर काय बोलणार.

कागदात मात्र वेळ गेला. पेटीवाले काका वारले होते, गाडी त्यांच्याच नावावर. मुलगा म्हणाला, मी सह्या करतो की, काय होतंय. तसं होत नाही. मालक वारला असेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर आणायची, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, सगळं लावून, आणि त्यानंतर वारसाकडनं आपल्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. वर आरसीवर एका पतसंस्थेचा बोजा. कर्ज फिटून वर्षं झाली होती, पण फॉर्म ३५ करून बोजा उतरवायचं कुणी केलंच नव्हतं, आणि संस्थेची ती शाखा दुसऱ्या शाखेत गेलेली. जुनी फाइल शोधून सही-शिक्का मिळेपर्यंत भाताची रोपं लावून झाली. बरेच जण ह्या ठिकाणी कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी घरी आणतात आणि सावकाश बघू म्हणतात. विकणाऱ्यानंच तसं करू नये, कारण अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तो जबाबदार, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं हे स्पष्टच सांगितलंय. मी त्या मुलाला तेच सांगितलं, हे माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. ते ऐकल्यावर तो स्वतः फेऱ्या मारायला लागला. ई-चलन परिवहनच्या साइटवर बघितलं, एकही नाही. भजनी मंडळ सिग्नल तरी कुठं तोडणार, त्यांच्या वाटेत सिग्नलच नाही.

२०१४ ची म्हणजे २०२९ ला पंधरा वर्षं होतात. मग पासिंग करून पाच-पाच वर्षं वाढवता येते, त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून वाढली, तेव्हा चारचाकीला पाच हजार झाली. जुनी गाडी घेताना हा खर्च आधीच वहीत लिहून ठेवावा.

आतलं काम भाऊजींनी उद्यमबागेत एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडं करून घेतलं. बेळगावचा हा एक मोठा फायदा आहे, फाउंड्री आणि लेथवाल्यांच्या ह्या गावात चौकोनी पाइपची एक फ्रेम म्हणजे त्यांना चहा पिता पिता होणारं काम. तीन तुकड्यांची फ्रेम, वर प्लाय, खाली दोन ड्रॉवर, सगळं नटबोल्टवर एकमेकांना जोडलेलं, गाडीला काही नाही, फक्त सीटच्या जागी पट्ट्यानं आवळायचं. मागची सीट जाताना सोडवून माळ्यावर टाकायची, आल्यावर पुन्हा जाग्यावर, कारण आरसीवर पाच सीट आहेत आणि पासिंगला गाडी पाच सीटसकटच जाते. मागं फळी आहे म्हणून चालत्या गाडीत कुणी झोपायचं मात्र नाही. सासूबाई पहिल्या दिवशी विचारत होत्या, मी आडवी झाले तर काय होतंय? बेल्ट नाही तिथं माणूस नाही, सांगून टाकलं. दोघी पुढं, बेल्ट लावून.

विजेचा हिशेब लोक उगीच अवघड करतात. गाडीच्या बॅटरीवर रात्री पंखा लावायचा नाही, सकाळी गाडी ढकलायला कुणी नसतं. वेगळी छोटी बॅटरी घ्यायची. १२ व्होल्टची ४० अँपिअर-अवरची म्हणजे ४८० वॉट-अवर, लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरायची नाही तर लवकर मरते, म्हणजे हातात २४०. सोलरच्या दुकानात मिळतो तो बारा व्होल्टचा पंखा २० वॉटचा, दहा तास चालला तर २००. उरलेल्यात दोन मोबाइल. झालं की. घरी चार्ज करून न्यायची. छतावर पॅनेल, फ्रिज, इन्व्हर्टर, ते ज्याला महिनाभर हिंडायचंय त्यानं करावं.

गॅसच्या बाबतीत मी फार कडक आहे. पाच किलोचा सिलिंडर आहे, पण स्वयंपाक बाहेर. ईकोचं मागचं दार वर उघडतं, त्याच्या आडोशाला टेबल लावलं की पावसाच्या भुरभुरीतही भात होतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली फ्लोअरवर साठतो आणि आपण झोपतो फ्लोअरच्या दोन फूट वर. दुसरी भीती धुराची, ज्याला वास नसतो त्या कार्बन मोनॉक्साइडची. २०२४ च्या डिसेंबरात केरळात वडकऱ्याला रस्त्याकडंला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं झोपेत गेली, जनरेटरचा गॅस आत शिरून. त्यामुळं आमच्यात बंद गाडीत शेगडी नाही, इंजिन चालू ठेवून एसी नाही, धूप-अगरबत्तीसुद्धा बाहेर, ह्यावर सासूबाई नाराज आहेत पण ऐकतात.

आणि कमोड. घडीचा, आजारी माणसांसाठी मेडिकलच्या दुकानात मिळतो तोच, खाली पिशवी लावायची, वर लाकडाचा भुसा टाकायचा, तोंड बांधून परत आणायची. बाजूला उभा तंबू. तीन लाखातला हा सगळ्यात छोटा खर्च आणि ह्याच्यामुळंच सासूबाई प्रवासात पोटभर पाणी प्यायला लागल्या. सौंदत्तीला गेलो तेव्हा डोंगरावर शेजारी ट्रॉलीवाल्या बायका होत्या, त्या पहिल्यांदा गाडीकडं बघून हसल्या, ह्यात काय झोपूलासा म्हणून, आणि पहाटे एकेक करून तंबूकडं आल्या. पिशव्या संपल्या.

थांबायचं कुठं हे आमच्याकडं सोपं आहे. भीमगडच्या जंगलात रात्री थांबायचा विचारही करू नये, फॉरेस्टवाले उठवतात आणि बरोबर करतात. पण देवळाचं आवार, ओळखीच्याचं खळं, हायवेचा मोठा पेट्रोल पंप, विचारून थांबलं तर कुणी नाही म्हणत नाही, दोन बायका बघितल्यावर तर पंपाचा वॉचमन स्वतः खुर्ची आणून गाडीशेजारी बसतो. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाजवळ गेलो होतो, पावसाळा संपता संपता, तिथं मात्र रात्रभर आतल्या पत्र्याला घाम सुटला, सकाळी गोधडी ओली. खिडकी दोन बोटं उघडी ठेवायलाच लागते, आणि उघडी ठेवली की डास. त्यावर शहापुरातल्या शिंप्याकडं मच्छरदाणीची जाळी टाकलीय, कडेला मॅग्नेट शिवून, जे मॅग्नेट मी गाड्या बघताना वापरायची त्याच दुकानातली. तो आज देतो उद्या देतो करतोय, लग्नसराई आहे म्हणे.

मधे भजनी मंडळातले दोघं घरी येऊन गेले. कार्तिकीला पंढरपूरला जायचंय, गाडी विकल्यापासून पंचाईत झालीय, तेवढी देता का? मी आत चहा टाकत होते तेवढ्यात सासूबाईंनी हो म्हणून टाकलं, वर स्वतःही जाणार म्हणून सांगितलं. पाच सीट, मंडळाचे चार, पाचव्या सासूबाई, मागं पेटी, मृदंग आणि टाळ. आता फ्रेम काढायची, सीट माळ्यावरनं खाली आणून बसवायची, आणि मृदंगाशेजारी कमोड कुठं ठेवायचा ह्यावर भाऊजी टेप घेऊन बसलेत. मृदंगवाल्या मामांना अजून ह्यातलं काही सांगितलेलं नाही.